कॅपिटल बी

आधी एक कबुली. मी बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी मराठी, शाळेत इंग्लिश, आणि मराठीच्या तासाला बाईंची लाल शाई. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि नाही सापडल्या तर ती मराठी विभागाच्या संपादिकेची, म्हणजे माझ्या रूममेटची कृपा. तिनेच मला धरून बसवलं. एखाद्या थोर व्यक्तीवर लिही म्हणाली. थोर व्यक्ती मला एका चुकीमुळे सापडली, म्हणून आधी ती चूक सांगते.

आमच्या हॉस्टेलचं पॉडकास्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. चार जणी, एक यूएसबी माइक, भिंतीला टेकवलेल्या दोन गाद्या आणि बंद केलेला पंखा, एवढाच आमचा स्टुडिओ. गेल्या वर्षी मेसच्या मावशी बावीस वर्षांनी काम सोडून गावी निघाल्या. शेवटच्या संध्याकाळी आम्ही त्यांना रूमवर बोलावलं. माइक बघून मावशी इतक्या बावरल्या की आवाज बाहेर पडेना. मी गेनचा नॉब भरपूर वाढवला. मग दहा मिनिटांनी त्या खुलल्या. हसल्या, रडल्या, ताटात अन्न टाकणाऱ्या बॅचेसना नावं ठेवली, आणि शेवटची पोळी उरली की जिना चढून ऐकू येईल अशी जी हाक मारायच्या, तीसुद्धा मारून दाखवली. मी त्यांच्याकडे बघत होते. लॅपटॉपवर मीटर लालभडक झालं होतं, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. हेडफोन तर मी आधीच काढून ठेवला होता, कारण वडीलधारं माणूस बोलत असताना कान झाकून बसणं बरं दिसत नाही.

रात्री ऐकलं तर चाळीस मिनिटांतली तीस मिनिटं फाटलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सोळा बिट्सच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजाच्या प्रत्येक नमुन्याला उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढ्यातलाच आकडा मिळू शकतो. आवाज त्याच्या वर गेला की कॉम्प्युटर तो तिथेच कापतो. गोल लाटेची टेकडी जाऊन तिथे सपाट पठार येतं. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेला भाग कुठेही साठवलेला नसतो. सॉफ्टवेअर अंदाजाने टेकडी परत बांधतं, पण मावशींचा आवाज त्यानंतर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटायला लागला. मावशी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने गेल्या होत्या.

त्यानंतर मी मीटर नावाच्या वस्तूला जरा मान द्यायला लागले. कॉम्प्युटरवरच्या मीटरमध्ये शून्य सगळ्यात वर असतं आणि बाकी सगळे आकडे उणे. बोलताना आवाजाची टोकं उणे बाराच्या आसपास राहिली, फार तर उणे सहापर्यंत गेली, की काळजी नाही. ओबीएसमध्ये उणे वीसपर्यंत हिरवा, उणे नऊपर्यंत पिवळा आणि त्याच्या वर लाल. ही विद्या घेऊन मी लॅबच्या व्हायवाला गेले, आणि सरांनी सहज विचारलं की डीबी लिहिताना डी स्मॉल आणि बी कॅपिटल का लिहितात. मला आलं नाही. उत्तर तसं सोपं आहे. व्होल्टचा व्ही कॅपिटल, वॅटचा डब्ल्यू कॅपिटल, हर्ट्झचा एच कॅपिटल, कारण ती माणसांची नावं आहेत. डेसिबेल म्हणजे एक दशांश बेल. आणि बेल म्हणजे टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल.

मला वाटायचं बेल हा इलेक्ट्रिकल इंजिनिअर असणार. तो तसा अजिबात नव्हता. तो मास्तर होता, तोही बोलायला शिकवणारा.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथे झाला. आजोबा उच्चार आणि वक्तृत्व शिकवायचे, वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल हेही तेच शिकवायचे. घरात दोन अलेक्झांडर आधीच होते, त्यामुळे या तिसऱ्याने स्वतःला वेगळं मधलं नाव हवं म्हणून हट्ट धरला आणि अकराव्या वाढदिवसाला त्याला ग्रॅहॅम हे नाव मिळालं. वडिलांनी व्हिजिबल स्पीच नावाची एक लिपी बनवली होती. जीभ, ओठ आणि घसा कसे ठेवायचे हे अक्षराच्या आकारातच दाखवायचं, म्हणजे कुठल्याही भाषेतला कुठलाही आवाज कागदावर उतरवता येतो. आपल्या कंठ्य, तालव्य, मूर्धन्य या वर्गवारीची मला आठवण झाली. (ती मला शाळेत कधीच पाठ झाली नाही.) वडील जाहीर कार्यक्रमात मुलाला बाहेर पाठवायचे, श्रोत्यांकडून चित्रविचित्र आवाज घेऊन ते या लिपीत लिहायचे, आणि मुलगा आत येऊन नुसतं वाचून तेच आवाज काढून दाखवायचा.

आई एलायझा हिला मात्र नीट ऐकू येत नव्हतं. ती पियानो वाजवायची, आणि ऐकण्यासाठी कानाला नळी लावायची. बाकी लोक त्या नळीत ओरडायचे. छोटा अलेक तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोलायचा, कारण ती कंपनं तिला जाणवतात असं त्याच्या लक्षात आलं होतं. घरात चाललेल्या गप्पा तो तिला बोटांच्या खुणांनी सांगत राहायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोरगा खटपट्या होता. बारा वर्षांचा असताना मित्राच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीत गव्हाचं टरफल काढायचं यंत्र त्याने केलं, नखं घासायचे ब्रश वापरून. थोरल्या भावाबरोबर बोलणारं मुंडकं बनवलं. भाता दाबला की ते मामा असं म्हणायचं. पुढे घरच्या कुत्र्याला गुरगुरायला शिकवून त्याचा जबडा हाताने हलवला आणि त्याच्याकडून आजीची विचारपूस करवून घेतली. शेजारी बघायला यायचे म्हणे.

मग घरात क्षय शिरला. १८६७ मध्ये धाकटा भाऊ एडवर्ड गेला, १८७० मध्ये थोरला मेलव्हिल गेला. हवापालट म्हणून आईवडिलांनी उरलेल्या एका मुलाला घेऊन कॅनडात ब्रँटफर्ड इथे घर केलं. आपण शाळेत वाचतो ते चरित्र थेट टेलिफोनपासून सुरू होतं. तेवीस वर्षांचा, दोन भाऊ गमावलेला, स्वतःचीही तब्येत नाजूक असलेला एक मुलगा जहाजातून उतरतोय, हे त्यात कुठे येत नाही.

१८७१ मध्ये तो बोस्टनला कर्णबधिर मुलांच्या शाळेत वडिलांची लिपी शिकवायला गेला. १८७३ मध्ये बोस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाला. दिवसा शिकवणं आणि रात्री तारांची खटपट. त्या काळी तारायंत्राच्या एका तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठवता आले तर पैसाच पैसा होता. बेलचा विचार असा, की प्रत्येक संदेश वेगळ्या स्वरात पाठवायचा आणि पलीकडे त्या त्या स्वराची पट्टी फक्त थरथरेल. आपण सहाव्या सेमला फ्रिक्वेन्सी डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग म्हणून जे लिहितो ते हेच. यामागे एक गमतीची चूक आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचं पुस्तक बेलच्या हाती आलं होतं. बेलला जर्मन येत नव्हतं. आकृती बघून त्याला वाटलं की हेल्महोल्ट्झने स्वर तारेतून पाठवलेसुद्धा! तसं काही झालं नव्हतं. पण हे कुणीतरी केलेलं आहे म्हणजे आपल्यालाही जमेल, या विश्वासावर गडी कामाला लागला. परक्या भाषेत शिकणाऱ्या सगळ्यांना मी हे आवर्जून सांगते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. १८७४ मध्ये बेलला आपल्या विद्यार्थ्यांना त्यांचाच आवाज दाखवायचा होता. ज्याला ऐकू येत नाही त्याला आपण बरोबर बोललो का हे कसं कळणार? डोळ्यांना दिसलं तर कळेल. त्यासाठी एक यंत्र होतं, पडद्यावर आवाज पडला की काडी हलून काजळी धरलेल्या काचेवर रेघ उमटवायची. ते मनासारखं चालेना. बोस्टनचे कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी सुचवलं की खराच कान वापर. आणि त्यांनी एका मृत माणसाचा कान मिळवूनही दिला. बेलने त्या कानाच्या आतल्या हाडाला गवताची काडी लावली, कानात बोलला, आणि काजळीवर त्याच्या आवाजाची नागमोडी रेघ उमटली. ऑडेसिटी उघडल्यावर आपल्याला जी निळी लाट दिसते तीच ही. मेलेल्या माणसाच्या कानाने आणि गवताने काढलेली.

ती रेघ बघून बेलच्या मनात वेगळाच प्रश्न आला. कानाचा पडदा कागदासारखा पातळ. त्याच्यामानाने आतली हाडं बरीच जड. तरी तो पडदा त्यांना हलवतो. मग थोडा मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का नाही हलवणार? आणि लोखंड चुंबकाजवळ हललं तर तारेतला प्रवाह त्या रेघेसारखाच कमीजास्त होईल. त्या उन्हाळ्यात ब्रँटफर्डला सुट्टीवर असताना हे त्याला सुचलं. तारायंत्रात प्रवाह एकतर चालू नाहीतर बंद. बेलला हवा होता लाटेसारखा प्रवाह, हवेतल्या आवाजाची तंतोतंत नक्कल करणारा.

इथे मला माझी फाटलेली फाइल आठवली. क्लिपिंगमध्ये आपण नेमकं उलटं करतो. लाटेचे शेंडे कापत गेलं की शेवटी उरतो चौकोनी सिग्नल, वर नाहीतर खाली. म्हणजे बेलने तारायंत्राचा टेलिफोन केला आणि मी मावशींच्या आवाजाचं पुन्हा तारायंत्र केलं.

कल्पना होती, विजेचं ज्ञान नव्हतं. मार्च १८७५ मध्ये तो वॉशिंग्टनला जोसेफ हेन्री या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला भेटला (इंडक्टन्सचं एकक हेन्री, तेच हे, तिथेही कॅपिटल एच). आपल्याला विजेतलं पुरेसं कळत नाही अशी अडचण बेलने सांगितली. ते शीक, एवढंच हेन्रींनी त्याला सुचवलं. आमच्या सरांचंही बहुतेक प्रश्नांवर हेच उत्तर असतं.

हाताशी थॉमस वॉटसन नावाचा तरुण कारागीर होता. २ जून १८७५ रोजी दोघं वेगवेगळ्या खोल्यांत पट्ट्या जुळवत बसले होते. वॉटसनच्या खोलीतली एक पट्टी अडकली. त्याने ती बोटाने छेडली, आणि बेलला आपल्या खोलीतल्या यंत्रातून नुसता सूर नाही, तर छेडलेल्या पट्टीचा सगळा झणकार ऐकू आला. प्रवाह बंद-चालू न होता लाटेसारखा वाहिला होता. बेल धावत आला आणि काहीही हलवू नकोस म्हणून त्याला बजावलं.

पुढची गोष्ट कोर्टकचेरीची. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी बेलचा अर्ज वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत दाखल झाला, आणि त्याच दिवशी इलायशा ग्रे या दुसऱ्या संशोधकाचाही कागद तिथे पोचला. ग्रेच्या कागदात द्रव वापरून आवाज पकडायची युक्ती होती. ७ मार्चला बेलला पेटंट मिळालं, क्रमांक १,७४,४६५. आणि १० मार्चला बोस्टनमध्ये त्याने वॉटसनला यंत्रातून हाक मारली, ये, मला तुला भेटायचंय अशा अर्थाची, ती आम्ल मिसळलेल्या पाण्याचं यंत्र वापरूनच. परीक्षकाने बेलला ग्रेचा कागद दाखवला होता का, यावर आजही भांडणं होतात. अंगावर ॲसिड सांडलं म्हणून बेल ओरडला ही गोष्ट वॉटसनने कित्येक वर्षांनी आत्मचरित्रात लिहिली, बेलच्या त्या दिवसाच्या वहीत ॲसिड सांडल्याचा उल्लेख नाही. शेकडो खटले झाले. १८८८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बेलच्या बाजूने निकाल दिला, तोही थोड्या फरकाने. इटलीहून आलेल्या अँटोनियो म्युची याने १८७१ मध्येच बोलण्याच्या यंत्राची नोंद केली होती, पण पैशांअभावी ती पुढे चालू ठेवता आली नाही. २००२ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाने ठराव करून त्याच्या कामाची दखल घेतली. मला विचाराल तर झणकार ऐकू आला तो बेलला, एवढं त्याचं कुणी काढून घेऊ शकत नाही. बाकी श्रेय वाटून घ्यायला हरकत नसावी.

जून १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो आणि विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ते यंत्र कानाला लावलं आणि बेल रातोरात प्रसिद्ध झाला. सहा वर्षांत, १८८२ मध्ये, मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं होतं!

पण त्या पहिल्या टेलिफोनमध्ये आवाज फार बारीक यायचा. लोक अक्षरशः ओरडून बोलायचे. एडिसनने कार्बनचा ट्रान्समीटर केला तेव्हा कुठे लेव्हल सुधारली. आणि तार जितकी लांब तितका आवाज मंद. किती मंद, हे मोजायला टेलिफोनवाले मैलाचंच माप वापरायचे. प्रमाणित केबलच्या एका मैलात आवाज जेवढा घटतो तेवढा एक. गंमत म्हणजे तेवढी घट कानाला जेमतेम कळते. १९२०च्या दशकात बेल सिस्टीमच्या इंजिनिअरांनी त्याऐवजी लॉगरिथमचं एकक घेतलं. दोन पॉवर्सचं गुणोत्तर, त्याचा दहाच्या पायाचा लॉग, गुणिले दहा. १९२८ मध्ये त्याला डेसिबेल हे नाव दिलं. म्हणून पॉवर दुप्पट झाली की आकडा तीननेच वाढतो आणि दहापट झाली की दहाने. एम-वनला लॉग कशाला शिकवतात असं विचारणाऱ्या फर्स्ट इयरच्या मुलींनी मीटरकडे एकदा बघावं.

आता मेबलविषयी. मेबल हबर्ड बेलची विद्यार्थिनी, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हरने तिचं ऐकणं पूर्ण गेलं होतं. ओठ वाचून ती सगळ्यांशी बोलायची. तिचे वडील गार्डिनर हबर्ड हे बेलला पैसा पुरवणाऱ्या दोघांपैकी एक, आणि त्यांना त्या बोलणाऱ्या खेळण्यापेक्षा तारायंत्रात जास्त रस होता. ११ जुलै १८७७ रोजी लग्न झालं. नव्या टेलिफोन कंपनीतले आपले दहा सोडून सगळे शेअर्स बेलने बायकोच्या नावावर केले. जगातला पहिला टेलिफोनवाला, आणि त्याची आई नि बायको दोघीही टेलिफोन ऐकू न शकणाऱ्या. मला हे वाचून काही सुचेना.

पैसा आला तरी बेल धंद्यात रमला नाही. १८८० मध्ये फ्रान्सचं व्होल्टा पारितोषिक मिळालं, ५०,००० फ्रँक, त्यातून त्याने प्रयोगशाळा काढली. त्याच वर्षी सहायक टेंटरबरोबर त्याने प्रकाशाच्या किरणावरून आवाज पाठवला, सुमारे २१३ मीटर. फोटोफोन हा आपला टेलिफोनपेक्षा मोठा शोध असं तो मानायचा. तेव्हा लोकांनी ढगाळ हवेत काय करायचं म्हणून सोडून दिलं. आज हा लेख वाचताना तुमच्या फोनवर जे काही येतंय ते वाटेत कुठेतरी काचेच्या तंतूतून प्रकाश होऊनच येतंय. १८७९ मध्ये त्याने ऐकण्याची क्षमता मोजायचं यंत्र केलं, ऑडिओमीटर. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा ती शोधायला घाईघाईने मेटल डिटेक्टर बनवला. तो चालला नाही. गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टर शरीराची एकच बाजू तपासू देत होते. त्याच उन्हाळ्यात त्याचा स्वतःचा मुलगा जन्मला आणि श्वास न जमल्यामुळे काही तासांत गेला. बेलने बाहेरून छाती फुलवणारं एक जाकीट बनवायला घेतलं. पुढे दुसरा मुलगाही असाच गेला. दोन मुली तेवढ्या जगल्या. हेलन केलर सहा वर्षांची असताना तिचे वडील तिला बेलकडे घेऊन आले होते, आणि त्यानेच त्यांना बोस्टनच्या शाळेचा रस्ता दाखवला. तिथूनच तिला तिची शिक्षिका मिळाली. हेलनने १९०३ मध्ये आलेलं आपलं आत्मचरित्र बेलला अर्पण केलंय.

लेखाचा पहिला खर्डा इथून सरळ विमानांवर गेला होता. तो मी आमच्या विंगमधल्या एका मुलीला वाचायला दिला. तिचे आई-बाबा दोघंही जन्मापासून कर्णबधिर आहेत, तिला स्वतःला उत्तम ऐकू येतं. रात्री जिन्यात बसून ती व्हिडिओ कॉलवर हातांनी भरभर बोलते, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिने खर्डा वाचला आणि शांतपणे विचारलं की बेलने कर्णबधिरांच्या लग्नाबद्दल जे लिहिलं ते तू मुद्दाम गाळलंस की तुला माहीत नाही. मला माहीत होतं. मी मुद्दाम गाळलं होतं.

ते असं. बेलचं मत होतं की कर्णबधिर मुलांनी बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकावं, खुणांची भाषा शाळेत नको. १८८३ मध्ये त्याने अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसपुढे निबंध वाचला. कर्णबधिर माणसं आपापसांत लग्नं करत राहिली तर माणसांची एक कर्णबधिर जातच तयार होईल, अशी भीती त्यात होती. कायद्याने बंदी घालावी इथपर्यंत तो गेला नाही, पण त्यांच्या निवासी शाळा, त्यांची खुणांची भाषा आणि कर्णबधिर शिक्षक, म्हणजे ज्यामुळे ते एकमेकांना भेटतात ते सगळं, कमी करावं असं त्याचं सांगणं होतं. १९२१ मध्ये न्यूयॉर्कला सुप्रजननवाद्यांची जागतिक परिषद भरली, तिचा तो मानद अध्यक्ष होता. १८८० मध्ये मिलान इथे शिक्षकांच्या परिषदेने खुणांच्या भाषेविरुद्ध ठराव केला होता, आणि त्यानंतर कित्येक देशांत मुलांना वर्गात हात वापरायला बंदी झाली. २०१० मध्ये व्हँकूवरच्या परिषदेने त्याबद्दल खेद व्यक्त केला. मधली १३० वर्षं ज्यांची गेली त्यांची गेली.

आणि अंदाजही चुकीचाच होता. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. बेलचा त्या काळचा मुख्य विरोधक एडवर्ड गॅलॉडेट. त्याचीही आई कर्णबधिर होती. दोघं आईशी हातांनी बोलत मोठे झाले आणि एकाने तीच भाषा शाळेत ठेवायची म्हणून आयुष्य वेचलं, दुसऱ्याने काढायची म्हणून. बेलला असं का वाटलं? मला वाटतं, मेबलकडे बघून. ती बोलायची, ओठ वाचायची, म्हणजे सगळ्यांना जमेल. पण मेबलला पाच वर्षांपर्यंत ऐकू येत होतं, आणि तिच्या वडिलांकडे खाजगी शिक्षक ठेवायला पैसा होता. एका चांगल्या नमुन्यावरून सगळा ग्राफ काढला. लॅबमध्ये याला मार्क मिळत नाहीत.

मैत्रिणीने मला एवढंच सांगितलं की बेलचं ऐकलं असतं तर तिच्या आई-बाबांची गाठच पडली नसती. ते दोघं शाळेत भेटले. मी तिला माहितीचं पान परत दाखवलं तेव्हा तिने हरकत घेतली नाही, फक्त मूकबधिर हा शब्द खोडून कर्णबधिर केला. मुके नाहीत ते, माझ्या घरी येऊन बघ किती बडबडतात, असं तिचं म्हणणं.

विमानांचं थोडक्यात सांगते, कारण पानं संपत आली. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या बॅडेक गावाजवळ बेलने मोठं घर बांधलं होतं. तिथे तो चार त्रिकोणांच्या चौकटींचे प्रचंड पतंग उडवायचा. १९०७ मध्ये चार तरुणांना घेऊन विमानं बनवणारा गट काढला, त्याला पैसा दिला मेबलने. २३ फेब्रुवारी १९०९ रोजी त्यांचं सिल्व्हर डार्ट गोठलेल्या तळ्यावरून उडालं, कॅनडातलं पहिलं. १९१९ मध्ये त्याच्या पाण्यावर तरंगत धावणाऱ्या बोटीने ताशी ७०.८६ मैलांचा विक्रम केला. तेव्हा म्हातारा बहात्तर वर्षांचा होता. आणि अभ्यासाच्या खोलीत त्याने टेलिफोन ठेवला नव्हता म्हणे, कामात व्यत्यय येतो म्हणून. हॉस्टेलला वाय-फाय बंद करायची मागणी करणाऱ्या रेक्टर मॅडमना हे कृपया कुणी सांगू नये.

२ ऑगस्ट १९२२ रोजी पहाटे बॅडेकच्या घरी बेल गेला. मधुमेह होता. मेबल हात धरून बसली होती. चरित्रांत असं सांगतात की सोडून जाऊ नकोस असं ती त्याला म्हणाली, तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं, आणि त्याने बोटांनी तिच्या हातावर नाही अशी खूण केली. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने ती खूण मला करून दाखवली. अमेरिकेतली आहे की आपल्याकडची, ते मी विचारलं नाही.

४ ऑगस्टला संध्याकाळी दफनाच्या वेळी अमेरिका आणि कॅनडामधले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले. मेबल त्यानंतर पाच महिन्यांनी, ३ जानेवारी १९२३ रोजी गेली.

आमच्या पॉडकास्टचं म्हणाल तर आता प्रत्येक भागाबरोबर बोलण्याचा लेखी मजकूर देतो. टाइप करायला चौघींना आळीपाळीने दोन-दोन तास लागतात आणि त्यावरून भांडणं होतात. मावशींना फोन केला होता. गावाकडे रेंज येत-जात असते, त्यामुळे त्यांनाच ओरडून बोलावं लागलं. दिवाळीच्या सुट्टीत या म्हणाल्या, पण बोलायला लावणार असाल तर आधी जेवा. आम्ही चौघी जाणार आहोत. माइकचा नॉब मी उणे बारावर जुळवून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे, आणि हेडफोन या वेळी घालणार आहे. मावशींना वाईट वाटलं तर त्यांना ही सगळी गोष्ट सांगेन.